ॲपची खरी परीक्षा धुऱ्यावर

आज पक्ष-पुढाऱ्यांवर लिहीत नाही. पण विषय राजकारणाचाच आहे, शेवटपर्यंत वाचा.

कापूस पिकवायला पाऊस लागतो, विकायला आता मोबाइल लागतो. २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, मग स्लॉट. नोंदणीला पेऱ्याचा पुरावा पाहिजे. आपल्याकडं तो सातबाऱ्यावर चढतो ई-पीक पाहणीच्या ॲपमधून, शेतात उभं राहून फोटो काढल्यावर. म्हणजे एका गाडी कापसाला दोन टोलनाके. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. नाक्यावर अडकला त्याचा माल खासगीत, व्यापारी बोलेल त्या भावात.

ॲप काढण्यामागचा हेतू मी नाकारत नाही. शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्याचाच माल खपतो, रात्र-रात्र गाड्यांची लाइन लागते, हे आपण पाहिलंच आहे. पीक पाहणी शेतकऱ्याच्या हाती आली, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर, हेही चांगलंच झालं. माझं भांडण ॲपशी नाही. ते कुणाचा मोबाइल डोळ्यासमोर ठेवून बनवलं, याच्याशी आहे.

मी काही इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. पण या गोष्टीत एकदा तोंड पोळलेलं आहे. २००९ च्या आसपास मी ज्या पेपरात होतो, त्याची वेबसाइट निघाली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर झकास दिसायची. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर एका वाचकानं आपला बटणाचा मोबाइल पुढं केला. स्क्रीन काडेपेटीएवढी आणि बातमीच्या जागी नुसते चौकोन. “भाऊ, हे काय छापलं तुम्ही?” आम्ही म्हणालो, फोन बदला. बाप्पा, काय मग्रुरी होती आमची!

त्याच काळात ऑपेरा मिनी नावाचा ब्राउझर होता. त्याच्या सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की मराठी अक्षरं चित्र बनून यायची आणि त्याच फोनवर बातमी वाचता यायची. ते बनवणारे लोक पार नॉर्वेचे. गरिबाचा फोन कमजोर आहे हे त्यांनी मान्य केलं आणि ओझं आपल्या सर्व्हरवर घेतलं. फोन बदला म्हणाले नाहीत. तेव्हा प्रत्येक कंपनीचा स्क्रीन वेगळा, ब्राउझर वेगळा. टेस्टिंग करायचं म्हणजे टेबलाचा खण भरून फोन ठेवायचे आणि एकेकावर उघडून पाहायचं. दुसरा रस्ता नव्हता.

आज स्क्रीन मोठे झाले, पण दुखणं तेच आहे. ऑगस्ट २०२१ आठवा. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. रॅम दोन जीबीची, फोन तापायचा, पोषण ट्रॅकर त्यावर धड चालेना आणि ॲप इंग्रजीत. या बायांना शिकायचं नव्हतं म्हणून नाही. कामाचा हिशेब ज्या यंत्रावर द्यायचा, तेच यंत्र कामाचं नव्हतं म्हणून.

ऑफिसात वायफाय असतं, फोन नवा असतो, बोटं कोरडी असतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नकली मोबाइल उघडूनही तपासता येतं. पण त्या नकली मोबाइलला भादव्यातलं ऊन लागत नाही. त्याची काच तडकलेली नसते. त्याची मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली नसते. त्याचा ओटीपी पुण्याला कंपनीत असलेल्या पोराच्या नंबरवर जात नाही. पुसदच्या डोंगरपट्ट्यातल्या तांड्यावर रेंज टेकडीच्या एका दगडावर येते, आणि शेत दगडाच्या पलीकडं असतं.

यावर उत्तर ठरलेलं: मुदतवाढ. कपास किसानची नोंदणी ३० सप्टेंबर २०२५ ला संपणार होती, ती पुढं ढकलली. पीक पाहणीची तारीखही वाढवली. अरे, पण न उघडणारं ॲप पंधरा दिवस जास्त दिलं म्हणून उघडतं काय? दुसरं उत्तर: सेंटरवर जा. जातो ना. एक रोज बुडतो, तिकीट लागतं, फॉर्म भरणाऱ्याला पैसे लागतात. फुकटची योजना दारात येईपर्यंत महाग होते.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक, दोन जीबीच्या जुन्या मोबाइलवर चाललं नाही तर ते ॲप शेतकऱ्यावर सक्तीचं करू नका.

दोन, रेंज नसली तरी माहिती आणि फोटो फोनमध्ये साठले पाहिजेत, रेंजमध्ये आल्यावर आपोआप गेले पाहिजेत आणि गेल्याचा मेसेज आला पाहिजे.

तीन, ‘एरर’ म्हणून थांबू नका. काय चुकलं ते साध्या मराठीत सांगा.

चार, ॲप बंद पडलं तर तलाठ्याकडं कागदावरची नोंद त्याच तारखेची धरा. मशीनच्या चुकीची शिक्षा माणसाला नको.

आणि शेवटची. या तालुक्यानं वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री राज्याला दिले. वसंतरावांची जयंती, १ जुलै, कृषी दिन म्हणून साजरी होते. हार येतात, भाषणं होतात. यंदा हार थोडे कमी आणा. ॲप बनवणाऱ्यांना आणा. आमच्याच लोकांच्या खिशातले पाच जुने मोबाइल घ्या, एका तांड्याच्या शेतात उभे राहा आणि सगळ्यांसमोर एक नोंदणी करून दाखवा.

झाली तर पहिली टाळी मी वाजवीन. नाही झाली, तर निदान तो दगड तरी साहेबांना माहीत होईल.