आबांची मुलूखगिरी : सुंदरबनाचा बांध

मागल्या खेपेला कबूल केलं होतं, त्याप्रमाणं आज तुम्हाला सुंदरबनात नेतो.

निघताना घरी गंमतच झाली. "सत्तरी आली, गुडघे कुरकुर करतात, आणि आता वाघ बघायला निघालात?" हा घरचा आहेर. धाकटा नातू म्हणाला, "जाऊ द्या आबांना. वाघ त्यांना खाणार नाही, नुसती हाडंच राहिलीत." एवढा आशीर्वाद घेऊन कलकत्ता गाठलं. सियालदा स्टेशनावरून कॅनिंगची लोकल, पुढं गाडीनं गोदखाली, आणि तिथून होडीनं नदी ओलांडून गोसाबा बेट. मार्गशीर्षाचे दिवस होते. बेटावर भाताच्या कापण्या उरकत आल्या होत्या.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा जिथं समुद्राला मिळतात, तिथं गाळाची शेकडो बेटं झाली आहेत. त्यांवरचं हे रान. भारत आणि बांगलादेश मिळून दहा हजार चौरस किलोमीटर, त्यातलं चार हजारांच्या वर आपल्याकडं. आपण शेतालाही रान म्हणतो आणि जंगलालाही. तिथं मात्र दोन्हींच्या मध्ये एक मातीचा बांध असतो. बांधाच्या अलीकडं भात, पलीकडं खारं पाणी, आणि पाण्यापलीकडं वाघ.

गोसाब्याला डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश साहेबाचा लाकडी बंगला आहे. त्यानं १९०३ साली ही बेटं सरकारकडून घेतली, भूमिहीन माणसं आणून वसवली, सावकाराला लांब ठेवून सहकारी पतपेढी काढली, भाताची गिरणी घातली. १९३६ साली स्वतःची एक रुपयाची नोटसुद्धा छापली. आपल्या प्रवरानगरचा कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उभा राहिला. १९३२ साली रवींद्रनाथ टागोर इथं येऊन गेले. गावकरी हे सगळं कालपरवा घडल्यासारखं सांगतात.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून रान बघायला निघालो. यंत्राच्या होडीला तिथं भटभटी म्हणतात. आपली फटफटीच ती, फक्त पाण्यातली. चालवणारा पोरगा मला 'दादू' म्हणजे आजोबा म्हणायचा. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेला तर दोन-अडीच पुरुष फरक पडतो. उतरलं, की काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यातून झाडांची मुळं खिळ्यांसारखी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नाही, म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात. आपल्या कोकणातल्या तिवराचीच ही भावकी. ज्या सुंदरीच्या झाडावरून रानाला नाव पडलं असं म्हणतात, ते आपल्या बाजूला आता कमी झालं आहे. नदीचं गोडं पाणी आटत गेलं आणि खारटपणा वाढला. चिखलावर एक नांगी मोठी असलेले लाल खेकडे होते, पाण्याबाहेर उड्या मारणारे मासे होते. एक ओंडका म्हणून बघत होतो, त्यानं डोळा उघडला. मगर!

बघता बघता नको ते झालं. एका अरुंद खाडीत शिरलो आणि ओहोटीनं आम्हाला गाठलं. तीनच्या सुमाराला भटभटी चिखलात रुतली. ढकलायला उतरावं, तर मांडीपर्यंत पाय जातो आणि ते खिळे तळव्यात घुसतात. पोरानं काठाकडं बोट दाखवलं. ताजे पंजे! पाण्यातून येऊन सरळ झाडीत गेलेले. हा वाघ रुंद नद्या पोहून जातो.

"मामा," पोरगा हळूच म्हणाला. रानात वाघाचं नाव घेत नाहीत. आपण वाघोबा म्हणतो, ते मामा म्हणतात. मामा मागून झडप घालतो, म्हणून १९८६ च्या सुमारास रानात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागं लावायला मुखवटे दिले होते. काही दिवस उपयोग झाला, मग मामाला कळलं, असं पोरगा म्हणाला. मी नुसता मफलर गुंडाळून मध्यभागी बसलो. दिवस मावळला, चंद्र वर आला. पोरगा बनबीबीचं नाव घेत होता. या रानदेवीला हिंदू-मुसलमान दोघंही मानतात, तिला नमस्कार केल्याशिवाय मध काढायला कुणी जात नाही. मीही हात जोडले. आठ वाजून गेल्यावर कुठं तळाखाली पाणी खळखळलं आणि होडी हलली. मामा काही दिसला नाही. त्याला आम्ही दिसलो असू.

जिथं उतरलो होतो त्या घरची बाई, तिला मी दीदी म्हणायचो, बॅटरी घेऊन घाटावर उभी होती. जेवताना मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं आपली हकिकत सांगितली. २५ मे २००९ ला 'आयला' वादळ आलं. नुकतीच अमावास्या झालेली, त्यात भरतीची वेळ. बांध फुटला. घर गेलं, गाय गेली, तळ्यातले मासे उलटे तरंगले. पाणी ओसरलं, पण मीठ राहिलं. आमच्याकडं उसाला पाणी पाजून पाजून रानं क्षारपड झाली, त्यामुळं मीठ फुटणं म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं नाही. दोन पावसाळे भात आलं नाही. कितीतरी गडी मजुरीला परमुलखात गेले. तिचा नवरा मात्र २०११ च्या वैशाखात चार जणांबरोबर मधाला गेला. तिघं परत आले आणि त्याचा गमछा आला. परवाना नव्हता, म्हणून भरपाईही नाही.

"मग पोटाला काय केलंत?" मी विचारलं.

"जुनं बियाणं शोधलं, काका." नवी भातं मिठात जळाली होती. नोना बोकरा म्हणून तिथलं जुनं भात आहे, खारट जमीन सोसणारं. उतार कमी, पण येतं. त्यावर तिनं पोरगा वाढवला. तो आता चेन्नईला बांधकामावर असतो. मागल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता, की मजुरी परवडत नाही, चैत्रात गावी येऊन मधाच्या टोळीत जातो म्हणून.

ती पुढं बोलली नाही. घड्याळ बघून फावडं उचललं. पौर्णिमेची भरती मध्यरात्री यायची होती, आणि खेकडे बांधाला भोकं पाडतात. एका भोकातून पाणी झिरपायला लागलं, की तासाभरात तिथं भगदाड पडतं. मीही मागोमाग गेलो. चांदण्यात पाणी बांधाला लागून चढत होतं आणि अलीकडचं भाताचं खाचर त्याहून खाली होतं. तीन ठिकाणी ओल दिसली. ती चिखल उपसून देत होती, मी बसून हातानं ठोकत होतो. बसल्यावर उठताना गुडघ्यांनी अंत बघितला.

"तुमच्याकडंही असं रात्री उठावं लागतं का?" तिनं विचारलं.

"लागतं. पण आम्ही पाणी यावं म्हणून उठतो," मी म्हणालो. तिला हसू आलं.

सकाळी बघितलं, तर पाण्याची खूण बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होती. दीदी अंगणात भात झोडत होती आणि फोन कानाला लावून पोराशी भांडत होती. माझ्या होडीची वेळ झाली.