सोळावं मिनिट कुणाचं?

बड्या ट्रान्सपोर्ट कंपनीत पोरगा ड्रायव्हर लागला की गल्लीत पेढे वाटतात. वाटा. पण त्याला रांगेचा हिशेब आधी शिकवा.

मी गोदीतला हमाल. गेटाबाहेर ट्रेलर रोज बघतो. वीस वर्षं वय, वर्षभर जुनं हलक्या गाडीचं लायसन, मग जड गाडीचं. असा १९८८ चा कायदा. आठवी पासची अट २०१९ मध्ये उठली. बरं झालं, स्टिअरिंगला व्याकरण लागत नाही. कपातीचा कागद मात्र वाचावाच लागतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाचे आठ तास ठरवले, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा. झकास! पण मेख त्यातच मारलेली: टर्मिनलवर नुसतं हजर राहणं पंधरा मिनिटांच्या आतलं असेल, तरच ते कामाचे तास. मग सोळाव्या मिनिटाला तो पोरगा कुणाचा? मुतायला उतरावं तर रांग सरकते. माल मालकाचा, गाडी मालकाची, मोडलेली झोप तेवढी ह्याची!

नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला. त्याच्या आधी, त्याच वर्षी नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. घ्या गार हवा. पण भत्ता फेरीवर असेल तर रांगेत गेलेली रात्र पोरगा घाटात जागून भरून काढणार, आणि गाडी दरीत गेली की पेपरात छापून येणार, ड्रायव्हरला डुलकी लागली.

म्हणून रुजू व्हायच्या दिवशीच साहेबाला विचारायचं: गेटावरचे तास कोण भरणार? आणि उत्तर लेखी मागायचं, चहा पाजला तरी.