स्वादुपिंडातले खडे : लेसर हा एकमेव उपाय नव्हे


‘लेसर आले, आता शस्त्रक्रिया कशाला?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल घाईचा वाटतो. स्वादुपिंडाच्या नळीत अडकलेला, पाच मिलिमीटरहून मोठा, एक्स-रेत दिसणारा खडा सहसा आधी बाहेरून शॉकवेव्हने फोडतात. चुरा आपोआप आतड्यात उतरतो किंवा दुर्बिणीने काढावा लागतो. लेसरची पाळी बहुधा त्यानंतर. नळी अरुंद असली तर दुर्बीणच पुढे सरकत नाही, मग लेसर मारणार कुठे? आणि नेदरलँड्समधील ८८ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना दीड वर्षात वेदना कमी झाल्या. शिळफाट्यावरून मुंबई गाठा वा पुणे, सीटी स्कॅनची फिल्म सोबत न्या आणि सर्जनचेही मत विचारा.

— एक वाचक, शिळफाटा (खोपोली)