खुल्या व्यापाराचा वाली कोण?

निवडणुकीतल्या आश्वासनांचे दोन ढीग करून पाहावेत. एकात ती, जी पुरी करायला निवडून आलेल्याला कायदेमंडळाच्या विनवण्या कराव्या लागतात. दुसऱ्यात ती, जी एका सहीसरशी अमलात येतात. ५ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेत कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यातल्या अध्यक्षपदाच्या लढतीचा फैसला झाला. या दोघांनी प्रचारात वाटलेली बहुतेक आर्थिक खिरापत पहिल्या ढिगातली होती. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला हॅरिस २५ हजार डॉलरपर्यंत मदत देणार, बाळाच्या पहिल्या वर्षी आईबापांना ६ हजार डॉलरची करसवलत देणार आणि कंपन्यांवरचा कर २१ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर नेणार होत्या. ट्रम्प तोच कर देशात माल बनवणाऱ्यांसाठी १५ टक्क्यांवर आणणार, ओव्हरटाइमचे पैसे आणि निवृत्तांची सोशल सिक्युरिटीची रक्कम करमुक्त करणार होते. हॉटेलांतल्या वेटरांना मिळणाऱ्या टिपवर कर नको, ही घोषणा ट्रम्प यांनी जूनमध्ये लास व्हेगासला केली. ऑगस्टमध्ये त्याच शहरात हॅरिस यांनीही ती करून टाकली. त्या शहराच्या नेव्हाडा राज्याची सहा निर्वाचक मते कोणाला नको होती? पण यातले काहीही काँग्रेस या कायदेमंडळाच्या मंजुरीविना होणार नव्हते, आणि तेव्हाची अमेरिकी काँग्रेस साधा खर्चाचा ठरावही वेळेवर करत नव्हती.

दुसऱ्या ढिगात मोठी अशी एकच गोष्ट उरत होती: आयातशुल्क. म्हणून या दोन उमेदवारांचे अर्थकारण तोलायचे तर बाकीचे सारे क्षणभर बाजूला ठेवून आधी याच एका मुद्द्यावर ते काय म्हणत होते ते पाहायला हवे.

वास्तविक शुल्क लावण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे. तो व्हाइट हाऊसमध्ये कसा पोहोचला, त्याची कथा १९३० पासून सुरू होते. त्या वर्षी स्मूट आणि हॉली या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा शुल्ककायदा झाला. जो तो प्रतिनिधी आपापल्या मतदारसंघातल्या मालावर शुल्काचे छत्र धरून घेत होता. हजारावर अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना सही करू नका म्हणून विनवले, त्यांनी केली. इतर देशांनी जशास तसे उत्तर दिले आणि मंदीने आधीच आक्रसलेला जागतिक व्यापार आणखी आक्रसला. हात पोळलेल्या काँग्रेसने मग १९३४ मध्ये परस्पर करार करून शुल्क उतरवण्याचे अधिकार फ्रँकलिन रूझवेल्ट यांना दिले. पुढे १९६२ आणि १९७४ च्या कायद्यांनी ते वाढवले. पण भिंत उतरवायला दिलेली पहार आणि थापी भिंत चढवायलाही चालते. १९६२ च्या कायद्यातले ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे कलम पुढे करून ट्रम्प यांनी २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. त्यातून शेजारचा, नाटोमधला साथीदार कॅनडाही सुटला नाही. काँग्रेसमध्ये मतदान झाले नाही, व्हायचे कारणही नव्हते.

तेव्हा जगातून येणाऱ्या सगळ्या मालावर १० किंवा २० टक्के आणि चिनी मालावर ६० टक्के शुल्क लावीन, असे ट्रम्प म्हणत होते तेव्हा ‘बोलतात हो ते तसे’ म्हणून सोडून देणे शहाणपणाचे नव्हते. जॉन डीअर कंपनीने ट्रॅक्टरचे उत्पादन मेक्सिकोत हलवले तर तिच्या मालावर २०० टक्के, डॉलर सोडणाऱ्या देशांवर १०० टक्के, असे आकडे ते सभेगणिक वाढवत होते. त्यातले सभेपुरते किती आणि खरे किती याची कुजबुज वॉल स्ट्रीटवर होती. आमच्या मते आकड्यांत घासाघीस होणार होती, दिशा बदलणार नव्हती.

हे शुल्क चीन भरेल, असे ते सांगतात. ते भरतो अमेरिकी आयातदार, बंदरात माल सोडवताना. मग तो ते जमेल तितके गिऱ्हाइकाच्या बिलात घालतो. पुरावा हवा असेल तर घरातले कपडे धुण्याचे यंत्र घ्या. २०१८ च्या सुरुवातीला ट्रम्प यांनी आयात वॉशिंग मशीनवर २० टक्के, आणि ठरावीक कोट्यापुढे ५० टक्के शुल्क लावले. फेडरल रिझर्व्ह आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा हिशेब मांडला. मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागली. गंमत म्हणजे कपडे वाळवण्याच्या ड्रायरवर छदामाचे शुल्क नसताना तोही जवळपास तेवढाच महागला, कारण अमेरिकेत ही जोडी एकत्र विकली जाते आणि दुकानदाराने वाढ दोघांत वाटून टाकली. देशी व्हर्लपूलनेही दर वाढवले. प्रतिस्पर्ध्याचा माल महागल्यावर ती स्वस्त कशाला राहील? सॅमसंग आणि एलजीने अमेरिकेत कारखाने थाटले, सुमारे १,८०० नोकऱ्या आल्या, हे खरेच. पण त्यासाठी ग्राहकांनी वर्षाला दीड अब्ज डॉलर जादा मोजले आणि सरकारी तिजोरीत जेमतेम ८ कोटी २० लाख डॉलर पडले. एका नोकरीची किंमत आठ लाख डॉलरच्या वर गेली. त्या पगारात कामगाराला घरी बसवून त्याच्या घरच्यांचे कपडेही कोणी धुऊन दिले असते!

ही झाली घरातली बाजू. शेतात काय झाले तेही ताजे आहे. चीनने जुलै २०१८ मध्ये अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावून खरेदी ब्राझीलकडे वळवली आणि आयोवा-इलिनॉयच्या शेतकऱ्यांची गोदामे भरून राहिली. त्यांची समजूत काढायला ट्रम्प सरकारने दोन वर्षांत २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. शुल्काच्या जोरावर प्राप्तिकरच रद्द करू, अशी पुडीही प्रचारात सोडण्यात आली. सीमाशुल्कातून अमेरिकेला तेव्हा वर्षाला ८० अब्ज डॉलरच्या आसपास मिळत होते आणि व्यक्तिगत प्राप्तिकरातून दोन लाख कोटींहून अधिक, एवढे सांगितले की पुरे.

मग हॅरिस खुल्या व्यापाराच्या कैवारी होत्या काय? छे. ट्रम्प यांच्या शुल्काला त्या ‘ट्रम्प सेल्स टॅक्स’ म्हणून हिणवत होत्या आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला त्याचा वर्षाला चार हजार डॉलरचा भुर्दंड पडेल, असे सांगत होत्या. पीटरसन इन्स्टिट्यूट या अर्थसंशोधन संस्थेचा अंदाज २,६०० डॉलरच्या वर होता; म्हणजे हॅरिस आकडा फुगवून सांगत होत्या, पण मुद्दा चुकीचा नव्हता. अडचण वेगळीच होती. ट्रम्प यांनी चीनवर लावलेली शुल्के त्या ज्या सरकारच्या उपाध्यक्ष होत्या त्या सरकारने साडेतीन वर्षांत उतरवली नाहीत. उलट मे २०२४ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी चिनी विद्युत मोटारींवर १०० टक्के आणि सौरघटांवर, सेमीकंडक्टरवर ५० टक्के शुल्क जाहीर केले. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर न्यायाधीश नेमू न देण्याचा हट्ट ट्रम्प यांच्या काळात टोकाला गेला आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ बंद पडले. बायडेन यांनी ते बंदच ठेवले. खुद्द हॅरिस यांनी सिनेटर असताना कॅनडा-मेक्सिकोबरोबरच्या नव्या व्यापारकराराविरुद्ध मत दिले. त्या वेळी विरोधात गेलेले सिनेटर होते दहा, बाजूने ८९. २०२४ च्या प्रचारात त्या हे मत मिरवत होत्या.

तरीही दोघांना एकाच माळेचे मणी म्हणणे हा आळस ठरेल. हॅरिस यांचे शुल्क निवडक मालावर आणि मुख्यतः चीनवर. सोबतीला बॅटरी, चिप, पवनचक्की यांच्या कारखान्यांना सरकारी पैसा. युरोप आणि कोरिया या अनुदानांवर रुसून बसले होते तरी त्यांच्या मालाला बंदरात कोणी अडवलेले नव्हते. ट्रम्प यांचे शुल्क मित्र-शत्रू, केळी-कॉफी असा भेदच करत नव्हते. कॉफी अमेरिकेत हवाई बेटांबाहेर जवळजवळ पिकतच नाही. तिच्यावर शुल्क लावून कोणाचे रक्षण होणार होते? खर्चातही फरक होता. कमिटी फॉर अ रिस्पॉन्सिबल फेडरल बजेट या पक्षनिरपेक्ष संस्थेच्या मध्यम अंदाजानुसार हॅरिस यांच्या योजनांनी दहा वर्षांत कर्ज साडेतीन-चार लाख कोटी डॉलरने वाढणार होते, ट्रम्प यांच्या योजनांनी साडेसात लाख कोटींच्या वर. आधीचे कर्ज ३५ लाख कोटींच्या पुढे होते आणि त्याबद्दल दोघेही अवाक्षर काढत नव्हते. दगडापेक्षा वीट मऊ, इतकाच निवाडा आम्ही देऊ.

खुल्या व्यापाराचे नाव घ्यायलाही कोणी धजत नव्हते, असे का झाले ते पाहायचे तर पेन्सिल्व्हेनियात जावे. तिथे पिट्सबर्गला यूएस स्टील या एकेकाळच्या पोलादसम्राज्ञीचे मुख्यालय आहे. लगतच्या ब्रॅडॉकमधली तिची भट्टी अँड्र्यू कार्नेगी यांनी १८७५ मध्ये पेटवली. जपानची निप्पॉन स्टील यूएस स्टीलला १४ अब्ज डॉलरहून अधिक मोजून विकत घ्यायला आणि जुन्या कारखान्यांत आणखी पैसा ओतायला तयार होती. जपान अमेरिकेचा सर्वांत भरवशाचा दोस्त. पण कामगार संघटनेचे नेतृत्व विरोधात गेले आणि ट्रम्प यांनी सौदा अडवण्याची घोषणा केली. बायडेन यांनीही कंपनी अमेरिकी मालकीचीच राहावी असे सुनावले आणि कामगारदिनी पिट्सबर्गमध्येच हॅरिस यांनी त्यांचीच री ओढली. भट्टीवर काम करणाऱ्या काहींना सौदा हवा होता; त्यांना विचारत होते कोण! पेन्सिल्व्हेनियाची १९ निर्वाचक मते आहेत आणि २०१६ मध्ये या राज्यासह मिशिगन, विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प एकूण ७८ हजारांहून कमी मतांच्या फरकाने जिंकले होते.

या भागाची जखम मात्र खोटी नाही, आणि खुल्या व्यापाराच्या आमच्यासारख्या समर्थकांनी ती बराच काळ नजरेआड केली. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो यांनी मेक्सिको नोकऱ्या ओढून नेईल म्हणत जवळपास १९ टक्के मते घेतली, तेव्हा शहाण्यांनी त्यांना हसण्यावारी नेले. पुढच्या वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी मेक्सिको-कॅनडाबरोबरचा नाफ्टा हा व्यापारकरार मंजूर करून घेतला, तोही स्वपक्षापेक्षा रिपब्लिकनांच्या जास्त मतांवर. २००१ च्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. २००० मध्ये अमेरिकेत कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख माणसे होती. दहा वर्षांत ती १ कोटी १५ लाखांवर आली. सगळे चीनमुळे नव्हे, यंत्रांचा आणि मंदीचा वाटा मोठा. पण ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी दाखवले की चिनी आयातीने गेलेल्या वीस लाखांवर नोकऱ्या फर्निचर, कापड अशा धंद्यांच्या गावांत एकवटलेल्या होत्या आणि तिथली माणसे दुसरीकडे गेलीच नाहीत. स्वस्त खुर्चीचा फायदा साऱ्या देशाला थोडा थोडा झाला. तोटा व्हर्जिनिया-कॅरोलायनातल्या ठरावीक गावांच्या पदरात पडला.

अशा गावांसाठी अध्यक्ष केनेडींच्या काळापासून एक योजना होती. आयातीमुळे काम गेलेल्यास भत्ता आणि नवे प्रशिक्षण देणारी ही योजना आली तीही १९६२ च्या त्याच कायद्यातून, ज्यातले सुरक्षेचे कलम ट्रम्प यांनी वापरले. जुलै २०२२ पासून ती नव्या अर्जदारांसाठी बंद पडली आहे. काँग्रेसने मुदतवाढ दिली नाही, एवढेच कारण. त्या कायद्यातली काठी दोन्ही उमेदवारांना हवी होती. मलमपट्टीचे नाव एकही घेत नव्हता. हॅरिस यांना हा मुद्दा सहज उचलता आला असता. त्यांनी तो उचलला नाही हे आम्हाला या प्रचारातले सर्वांत मोठे अपयश वाटते.

भारताने यात कोणाच्या विजयाचे नवस करायचे कारण नव्हते. शुल्काचा हा वाद आपल्याकडेही जुनाच: न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बोलताना खुल्या व्यापाराचे इंग्रजी तत्त्व सर्व देशांना सारखे लागू नसते, हे जर्मन आणि अमेरिकी विचारवंतांचे दाखले देऊन सांगितले होते. ते बोलत होते राजकीय सत्ता नसलेल्या, उद्योग मोडलेल्या देशाबद्दल. ती स्थिती आता नाही; तरी २०२३ मध्ये आपली सरासरी शुल्कपातळी १७ टक्के होती, अमेरिकेची ३.३. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लिंटच्या सभेत ट्रम्प यांनी व्यापाराचा गैरफायदा घेणारा देश म्हणून भारताला बोल लावले आणि त्याच दमात मोदींची तारीफ केली. तारीफ सोडून द्यावी, बोल तपासावेत. जून २०१९ मध्ये त्यांनी भारताची जीएसपी ही शुल्कसवलत काढून घेतली, ती बायडेन यांनीही परत दिली नाही. डेमोक्रॅट सरकारने जागतिक व्यापार संघटनेतले सात जुने तंटे मिटवले हे चांगले झाले. पण बाजारपेठ खुली करणारा करार त्यांच्याही खिशात नव्हता.

देवघेवीला ट्रम्प तयार असतात आणि देवघेव आपल्याला नवी नाही. २००७ मध्ये लासलगावच्या विकिरण केंद्रातून हापूस अमेरिकेला जाऊ लागला, त्या बदल्यात हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींसाठी भारताचे दार किलकिले झाले. पुढे हार्लेवरच्या शुल्कावरून ट्रम्प आपल्याला टोमणे मारत राहिले आणि आपण ते ७५ वरून ५० टक्क्यांवर आणले. अशा सवलती दमदाटीनंतर देण्यापेक्षा आधी देऊन मोबदला मागता येतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारताने अमेरिकेला सुमारे ७७ अब्ज डॉलरचा माल विकला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारातून जाणाऱ्या पैलूदार हिऱ्यावर अमेरिकेत २०२४ मध्ये शुल्क शून्य होते आणि मागणी आधीच आटलेली होती. सरसकट २० टक्के लागले तर त्या धंद्याचा तुटपुंजा नफा पहिल्याच खेपेत संपणार होता. पुण्याच्या भारत फोर्जचे ट्रकचे सुटे भाग आणि अंधेरीच्या सिप्झमधले दागिनेही त्याच रांगेत होते. नवा अध्यक्ष २० जानेवारी २०२५ ला शपथ घेणार होता. बदाम, सफरचंद, मोटारसायकल, वैद्यकीय उपकरणे यांतले आपण काय सोडणार आणि त्या बदल्यात हिऱ्यांसाठी, फोर्जिंगसाठी काय मागणार, ही यादी दिल्लीच्या वाणिज्य मंत्रालयाने त्याआधी तयार ठेवायला हवी होती.