जलसंजीवनी वाटली, समजली का?




पावसाळा लागला म्हणजे आमच्या अक्राणी तालुक्याच्या पाड्यांतून अतिसार डोके वर काढतो, आणि आशाताई चिखल तुडवीत घरोघर जलसंजीवनीच्या पुड्या पोहोचत्या करतात. त्यांच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु वरिष्ठ दफ्तरातून हिशेब मागितला जातो तो वाटलेल्या पुड्यांचा, मातेला काय उमगले त्याचा नव्हे. आणि मोबदलाही दर पुडीमागे एक रुपया असा ठरलेला. आरोग्यसेवा सर्वांस सारखी मिळावी असे आपण म्हणतो, त्यात औषधाबरोबर औषधाचे ज्ञानही मोडते, ही गोष्ट या व्यवस्थेत विसरली गेली आहे.

एका पाड्यावर मी पाहिले की, लिटरभर पाण्यासाठी असलेली अख्खी पुडी एका आईने स्टीलच्या पेल्यात ओतली, कारण औषध जितके दाट तितका गुण लवकर, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. असे दाट द्रावण मुलाच्या रक्तातील क्षार वाढवून उलट अपाय करू शकते. पुडीवरील बारीक अक्षरांतला मजकूर तिला वाचता येण्याजोगा नव्हता, घरात लिटरचे माप नव्हते, आणि तिच्या पावरी बोलीत कोणी तिला समजावलेही नव्हते. यात तिचा काय दोष?

निरक्षर मातांना हे शिकविणे दुर्घट आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यास बांगलादेशानेच उत्तर देऊन ठेवले आहे. १९७१ साली तेथून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. पुढे १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या सेविकांनी सुमारे सव्वा कोट घरी जाऊन तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे द्रावण मातांकडून त्यांच्याच भांड्यात, त्यांच्याच हातांनी करविले. काही दिवसांनी तपासनीस निवडक घरी जाऊन मातांना प्रश्न विचारीत, आणि मातेस जितके स्मरत असेल त्या मानाने सेविकेचा मेहनताना ठरे. दारिद्र्य, निरक्षरता आणि पूर यांनी गांजलेल्या देशाने जे साधले, ते आपल्या सधन राज्यास असाध्य म्हणता येईल काय?

ज्ञान दिले म्हणजे दवाखान्याची जबाबदारी संपली, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. शौचातून रक्त जाऊ लागले, मूल मलूल होऊन पिईनासे झाले, तर डॉक्टर व वाहन वेळेवर मिळालेच पाहिजे. पण ही लक्षणे ओळखणारी पहिली व्यक्ती आईच असते, आणि तिने ती ओळखली नाहीत, तर तालुक्याच्या गावी उभी असलेली रुग्णवाहिका तिच्या काय कामाची? १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेच्या अंगांत प्रचलित रोगांविषयीच्या शिक्षणाला पहिले स्थान दिले, ते याच विचाराने.

म्हणून माझी आरोग्यखात्यास विनंती आहे की, प्रत्येक पुडीबरोबर आशाताईने आईच्या घरच्या भांड्याचे माप ठरवून, त्यावर खूण करून, एकदा तिच्याकडूनच द्रावण करवून घ्यावे. पावरी, कोरकू, माडिया यांसारख्या बोलींत हे समजावण्याची तजवीज व्हावी. निवडक घरांची फेरतपासणी होऊन मातांच्या उत्तरांवरून मोहिमेचे यश मोजले जावे. आणि या वाढीव कामाचा मोबदला आशाताईंना पुडीच्या रुपयाहून निराळा व पुरेसा मिळावा. यास मोठी इमारत वा नवे यंत्र लागत नाही. लागते ती वेळेची आणि मेहनतान्याची तरतूद, आणि ती येत्या पावसाळ्यापूर्वी करणे सरकारचे कर्तव्य आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
धडगाव, जि. नंदुरबार