शॉकअप नवे, रबर मात्र जुनेच

अमरावती ते अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये एकपदरी ७५ किलोमीटर डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. रस्ता चांगला झाला की एक गंमत होते. खडखडाटात लपलेले गाडीचे स्वतःचे आवाज कानावर येऊ लागतात. महामार्ग सोडून मूर्तिजापूर किंवा बोरगाव मंजूच्या आतल्या रस्त्याला लागल्यावर गतिरोधकावर चाकापाशी ‘टक्’ वाजते, तेव्हा बहुतेकांचा संशय थेट शॉकअपवर जातो.

तो नेहमीच खरा नसतो. गुंडाळीची स्प्रिंग जिथे टेकते, तिथे खाली किंवा वर, काही गाड्यांत दोन्हीकडे, रबराची एक गादी असते. स्प्रिंग गाडीचा भार सेकंदाला एक-दीड वेळा सावकाश झुलवते. खडीच्या बारीक थरथरीचा वेग मात्र सेकंदाला शेकडो वेळा असतो. ही थरथर पोलाद सहज वर पाठवते, रबर ती बरीचशी जिरवते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होते, तडकते. मग काळ्या मातीची कचकच आत शिरते. पोलाद पोलादावर घासते, स्प्रिंगचा रंग खरवडला जातो आणि तिथेच गंज धरतो. गंजलेली स्प्रिंग पुढे तुटूही शकते.

नवे शॉकअप घालताना जुनेच रबर परत बसवणे, ही म्हणूनच खोटी बचत आहे. सुटा भाग स्वस्त, खरा खर्च खोल-जोड करण्याचा. तोच दुसऱ्यांदा करावा लागतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर कोंबून गाडी उंच करणे तर त्याहून वाईट. त्याने स्प्रिंग ताठ होते आणि धक्के उलट वाढतात.

रबर बदलल्याने कंबरदुखी थांबेल, असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. बसलेल्या माणसाच्या शरीराला जास्त त्रास देणारे उभे हेलकावे सेकंदाला ४ ते ८ वेळांचे असतात. त्यांच्यावर या गादीचा फारसा इलाज नाही. तिथे शॉकअप, टायरमधली हवा आणि आसन पाहावे लागते. गादी आवाज आणि बारीक थरथर कमी करते. रोज शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवणाऱ्याच्या कानांना आणि डोक्याला तेवढाही आराम लहान नाही.

‘टक्’चा आवाज लिंक रॉड, बुश किंवा शॉकअपच्या वरच्या बेअरिंगचाही असू शकतो. त्यामुळे आधी गाडी उचलून तपासून घ्यावी. रबर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जखमी करण्याइतकी ताकद असते, म्हणून योग्य कॉम्प्रेसर नसलेल्या मिस्त्रीकडून पुढचे शॉकअप खोलून घेऊ नये. काम झाल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंटही करून घ्यावे आणि जुने रबर हातात मागून पाहावे.