अकरावीचा अर्ज आणि आजारपणाचें घर

दहावीचे निकाल लागले कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. एरवीं शुद्धलेखन, वाचन, मुलांच्या संवयी यांविषयीं विचारणारे वाचक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारूं लागतात : मुलानें पुढें कोणते विषय घ्यावे? बहुतेकांच्या मनांत उत्तर अगोदरच तयार असतें. आमचा केवळ त्यावर शिक्का हवा असतो. परंतु यंदाच्या एका पत्रानें आम्हांस विचारांत पाडलें. त्याचें उत्तर खाजगी रीतीनें न पाठवितां येथेंच देत आहों, कारण तशीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत.

पत्र एका आईचें आहे. घर एकत्र. सासूबाईंस दीड वर्षापूर्वीं पक्षाघाताचा झटका आला. उजवें अंग लुळें पडलें, वाचा अर्धवट राहिली. बाई स्वतः नोकरी करतात, यजमानांचा कारखाना गांवाबाहेर, धाकटे दीर सहकुटुंब बंगळूरास असतात. मुलीस दहावींत गणितांत उत्तम गुण पडले आहेत, आणि लहानपणापासून घरांतील प्रत्येक यंत्र उघडून पाहण्याची तिला खोड आहे. ती आतां म्हणते, "मी वाणिज्य शाखा घेतें. कॉलेज सकाळचें असतें. अकरा वाजल्यापासून मी आजीजवळ राहीन." मुलगी इतकी समंजस निघाली याचें समाधान मानावें कीं काळजी करावी, असें त्या बाई विचारतात.

आमचें उत्तर असें कीं, समाधान मानावें, पण आधीं काळजी करावी.

वाणिज्य शाखा कमी प्रतीची आहे, असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. हिशेबाची गोडी लागून या मुलीनें ती घेतली असती, तर आम्हीं एक अक्षरही लिहिलें नसतें. परंतु तिनें विषयांकडे पाहून निवड केलेली नाहीं. तिनें घड्याळाकडे पाहून ती केली आहे. तिला असें करावयास कोणीं सांगितलेलें नसतें, हेंच येथें विशेष आहे. आईच्या रजा संपत आल्या आहेत, ब्युरोकडून आलेली तिसरी बाईही काम सोडून गेली, रात्रीं उठावें कोणीं यावरून वडिलांचा आवाज चढतो, हें सारें पंधरा वर्षांचें मूल पाहत असतें व मनांतल्या मनांत बेरीज करीत असतें. आणि ती बेरीज त्यानें बोलून दाखविली कीं आपण त्यास श्रावणबाळ म्हणून मोकळे होतों! पुंडलिकानें मायबापांच्या सेवेसाठीं साक्षात् विठ्ठलास विटेवर उभें केलें, ही कथा आम्हांसही प्रिय आहे. पण पुंडलिक तेव्हां जाणता पुरुष होता, आणि त्यास अकरावीचा अर्ज भरावयाचा नव्हता.

तेव्हां पहिलें काम विषयांचें नव्हेच. एक कोरा कागद घ्यावा आणि आजींच्या सेवेचा दिवस त्यावर तासवार मांडावा. कूस केव्हां केव्हां बदलावयाची (अंथरुणास खिळलेल्या माणसाची ती साधारणतः दर दोन तासांनीं बदलावी लागते, नाहींतर पाठीस जखमा होतात), औषधें कोणत्या वेळीं, स्नान, कपडे बदलणें, बसतें करून घांस घांस भरविणें, व्यायाम करून घेणें, रात्रीची जाग. प्रत्येक कामापुढें घरांतील एका मोठ्या माणसाचें नांव लिहावें. मुलीचें नांव मात्र या कागदावर तूर्त घालूं नये. असें केलें म्हणजे कोणत्या वेळा रिकाम्या राहतात तें स्पष्ट दिसतें. या पत्रावरून आमचा तर्क आहे कीं, ती वेळ सकाळीं अकरा ते दुपारीं चार ही असावी. मुलीनेंही नेमकी तीच हेरली आहे.

आतां या पांच तासांची किंमत कोणी द्यावयाची, हें मोठ्यांनीं ठरवावें. दिवसपाळीची बाई ठेवावयाची तर तिचा पगार दोन्ही भावांनीं वांटून घ्यावा. बंगळूरहून रोज रात्रीं "आई कशी आहे?" म्हणून विचारणाऱ्या दिरांस हें स्पष्ट लिहिण्यांत कांहीं अनुचित नाहीं, त्या आजी त्यांच्याही मातोश्री आहेत. वर्षांतून दोन वेळां पंधरा दिवस येऊन राहणें त्यांस जमेल कीं नाहीं, तेंही विचारावें. मोबदला द्यावा लागत नाहीं म्हणून घरांतील मुलीचा वेळ फुकट ठरत नाहीं. त्याची किंमत ती दहा वर्षांनीं भरते, इतकेंच.

मुलीनें आजीकडे पाहूंच नये असा याचा अर्थ कोणीं करूं नये. तिला ठराविक वांटा द्यावा : संध्याकाळचा एक तास, वर्तमानपत्र वाचून दाखविणें, अडखळणाऱ्या जिभेकडून शब्द म्हणवून घेणें. परीक्षेच्या दिवसांत तोही माफ असावा.

हें झालें म्हणजे मुलीशीं बोलावें. आजींच्या खोलींत नव्हे, पानावर बसलेलें असतांना नव्हे, वडिलांनीं तिला बाहेर फिरावयास न्यावें आणि एवढेंच विचारावें, "आजी ठणठणीत असती, तर तूं काय घेतलें असतेंस?" उत्तर यावयास वेळ लागेल. कदाचित् रडूं येईल. येऊं द्यावें. आणि इतकें होऊनही ती वाणिज्यच म्हणाली, तर आनंदानें वाणिज्य द्यावें.

आतां विषयांविषयीं. येथें एकच गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, कांहीं दारें मागाहून उघडतात व कांहीं उघडत नाहींत. बारावी विज्ञान झालेल्यास पुढें वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीस जातां येतें, सनदी लेखापालाच्या परीक्षांचा मार्गही त्यास मोकळा असतो. बारावी वाणिज्य झालेल्यास अभियांत्रिकीच्या पदवीस थेट जातां येत नाहीं. विज्ञानांतही गणित सोडलें तर वास्तुशास्त्र व अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा दुरावतात. जीवशास्त्र सोडलें तर वैद्यक व परिचर्येची पदवी. (जीवशास्त्र मागाहून जोडविषय म्हणून घेऊन वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस बसण्याची मुभा २०२३ सालीं मिळाली आहे, पण त्या भरंवशावर राहूं नये.) ज्या मुलीस यंत्रांची ओढ आहे तिनें गणित हातचें जाऊं देऊं नये, हें उघड आहे. दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन पुढें पदवीच्या दुसऱ्या वर्षास जाण्याचा मार्गही आहे. परंतु तेथें हजेरी दिवसभराची असते.

दुसऱ्या भाषेविषयीं आमचें मत विचाराल तर आम्ही संस्कृतच म्हणणार. आयुष्य त्यांतच गेलें. पण तिच्याऐवजीं माहिती-तंत्रज्ञान घेतल्यानें मुलीचा भार हलका होत असेल, तर तेंच घ्यावें. आमच्या संस्कृतावर रागवावयास वेळ पुढें पुष्कळ आहे.

कोणी शेजारी सुचवितील कीं, सतरा नंबरचा अर्ज भरून घरूनच बारावी करावी, म्हणजे सेवाही होईल. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. ज्यांस नाइलाजानें शाळा सोडावी लागली त्यांच्यासाठीं ती सोय आहे, आणि त्यांस ती उपकारक आहे. घरांत इतर मार्ग असतांना धडधाकट, हुषार मुलीस त्या वाटेनें धाडणें म्हणजे तिला चार भिंतींत रुग्णासह बसविणें होय. शिवाय विज्ञानास प्रयोगशाळा लागते : पदार्थविज्ञानाच्या १०० गुणांपैकीं ३० प्रात्यक्षिकाचे असतात, आणि नियमित विद्यार्थ्यास ७५ टक्के हजेरी लागते. तेव्हां हजेरीचा प्रश्न डोळेझांक करून सुटणारा नाहीं.

उलट जातीचें एक मूल असतें, त्याचाही येथें उल्लेख केला पाहिजे. आजीच्या उशाशीं बसून तें ठरवितें कीं आपण डॉक्टर व्हावयाचें. ही भावना थोर आहे. पण तिला सहा महिने मुरूं द्यावें, आणि गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवून अकरावी सुरू करावी.

आजींसही हें सारें सांगावें. वाचा गेली म्हणजे समज गेली, असें घरचीं माणसें उगीच धरून चालतात. नातीनें काय शिकावें याविषयीं त्यांचा डावा हात अजून पुष्कळ बोलूं शकेल.

राहतां राहिला अर्ज. २०२५ सालापासून सबंध राज्यांत अकरावीचे प्रवेश संगणकावरूनच होऊं लागले, आणि त्यांत दहापर्यंत कॉलेजांची नांवें पसंतीच्या क्रमानें घालतां येऊं लागलीं. पहिल्या पसंतीचें कॉलेज मिळालें तर तें घ्यावेंच लागतें. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नांव वगळलें जातें. म्हणून पहिलें नांव घालण्यापूर्वीं घरापासूनचें अंतर व प्रयोगशाळेच्या वेळा स्वतः जाऊन पाहाव्या. नामांकित पण दीड तासाच्या प्रवासाचें कॉलेज अशा घरास परवडत नाहीं, जवळचें साधें कॉलेज परवडतें. आणि पसंतीचीं नांवें भरावयास बसण्यापूर्वीं त्या कागदावरील अकरा ते चारच्या रकान्यांत कोणाचें तरी नांव लिहिलेलें असावें.